पांदणीतली फटफटी

आषाढ लागलाय. तीन दिवसांची झड आज सकाळीच उघडली. यवतमाळ जिल्ह्यातली ही पांदण, शेतांमधून जाणारी बंडीची वाट. दोन्ही अंगांना नुकती उगवलेली कपाशी, मधे बंडीच्या दोन चाकोऱ्या, आणि चाकोऱ्यांत पाणी.

काळ्या मातीत जे वावरले, त्यांना सांगायला नको. भिजली की ती पाय सोडत नाही. ट्रॅक्टर फसतो, बंडी दोन दिवस धुऱ्यावर उभी राहते. आणि त्याच गाऱ्यातून, कॅरिअरवर सरकीच्या ढेपेचं अर्धं पोतं बांधून, हा पोरगा निघालाय. ऐका.

(इथं निवेदन नाही. फक्त इंजिनाचा आवाज.)

यामाहा आरएक्स १००. एस्कॉर्ट्स कंपनीनं ती १९८५ मध्ये बाजारात आणली, १९९६ मध्ये बंद झाली. चालवणाऱ्यापेक्षा गाडी वयानं मोठी आहे. वजन शंभर किलोच्या आसपास. मातीच्या रस्त्यासाठी म्हणून आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्या दीडशे, दोनशे किलोंच्या. डांबरी सडकेवर हा फरक कळत नाही. पांदणीत गाडी आडवी झाली, की एकट्या माणसाला कळतो.

बाजाराच्या गावात टिनाच्या शेडखाली हिचं इंजिन बारदान्यावर उघडं पडलंय. मिस्त्रींना सगळा पंचक्रोशीतला गाव ‘काकाजी’ म्हणतो. त्यांच्या तळहातावर बघा, हा पिस्टन. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर, पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. घरातल्या चहाच्या कपात मावेल एवढं हे प्रकरण, आणि ताकद ११ अश्वशक्ती.

हे टू-स्ट्रोक इंजिन. यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅम नाही, टायमिंगची चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत, आणि पिस्टन वर-खाली जाताना तोच त्या उघडतो, झाकतो. पिस्टन वर चढला, की खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. तिच्या वाटेवर हे रीड, पोलादाच्या पातळ पाकळ्या. आत येऊ देतात, परत जाऊ देत नाहीत. पिस्टन खाली आला, की तीच हवा बाजूच्या वाटांनी वर चढते आणि जळका धूर पुढं ढकलून देते. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, इथं प्रत्येक फेरीला. म्हणून एवढंसं इंजिन मूठ पिळताच झेपावतं.

तेल वेगळं साठवायला खाली टाकी नाही. ते पेट्रोलसोबतच आत जातं, बेअरिंगला लागतं आणि जळून जातं. कंपनीनं त्यासाठी पंप दिला होता. काकाजींनी तो काढून टाकलाय. लिटरला ४० मिली, मापानं, स्वतःच्या हातानं. पंप कधी दगा देईल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सायलेन्सरच्या आतल्या नळीत काजळी साचते आणि गाडी दम टाकते. ती नळी इथं पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर लाल होईपर्यंत ठेवतात, मग ठोकून झाडतात. खर्च काहीच नाही.

आता हा पुढचा मडगार्ड. मूळचा टायरला लागून होता. काळी माती मधे ठासून बसायची आणि चाक जाम. काकाजींनी तो कापून वीतभर वर नेला. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, एका दातानं लहान केलं, मागं बटन टायर घातला. युरोपातल्या खऱ्या एंड्युरो, म्हणजे दगड-चिखलातल्या लांब शर्यतींच्या, गाड्यांचा मडगार्डही याच कारणानं उंच असतो. काकाजींनी तो कधी पाहिला नव्हता, मातीनंच त्यांना शिकवलं.

एंड्युरोची सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. तिथं स्वारानं आपली गाडी आपणच दुरुस्त करायची असते. ऑस्ट्रियात एर्झबर्गच्या लोखंडाच्या खाणीत १९९५ पासून शर्यत होते. शेवटच्या फेरीला ५०० जण सुटतात, मूठभर पोहोचतात. तिथं आजही बहुतेकांच्या मांडीखाली टू-स्ट्रोकच, तीही शंभर किलोंच्या थोडी पुढं. दगड आणि चिखल यांच्यापुढं हलकी, साधी गाडीच कामाची, हे तिथल्या शर्यतवाल्यांना कळतं आणि पांदणीतल्या शेतकऱ्यालाही कळतं.

धूर होतो, पेट्रोल जास्त लागतं, उतारावर इंजिन गाडी धरत नाही. २००० सालापासूनच्या उत्सर्जन नियमांपुढं रस्त्यावरच्या टू-स्ट्रोक गाड्या टिकल्या नाहीत, आणि सुटे भाग आता महाग झालेत.

नाला.

पोतं त्यानं काठावर उतरवून ठेवलंय. पाणी पोटरीपर्यंतच असेल असं वाटलं होतं. मधोमध सायलेन्सर बुडाला, इंजिननं पाणी ओढलं आणि गाडी बंद.

मागून काकाजी नाल्यात उतरले. दोघांनी ढकलत गाडी बाहेर काढली. पेट्रोलचा कॉक बंद, प्लग बाहेर. आणि आता बघा, दोन माणसं गाडी उचलून चाकं आभाळाकडं करतात. काकाजी हातानंच किक दाबतात. प्लगच्या भोकातून पाण्याची पिचकारी. पुन्हा एक. तिसऱ्या वेळी नुसती वाफ. सायलेन्सरमधून गढूळ पाणी गळतंय. गाडी सुलटी केली, कार्बोरेटरची खालची वाटी सोडून झटकली. प्लग दुपट्ट्याला पुसला, फुंकला, परत बसवला.

“कॉक खोल. चोक नको देऊ.”

“हो काकाजी.”

(निवेदन नाही. चार किका.)

पोतं डोक्यावर घेऊन तो नाला पायी ओलांडतो. काकाजी कॅरिअरवर दोरी आवळतात. गोठा अजून दीड किलोमीटर आहे.