एकोणपन्नास फुटांचा रस्ता

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात एखाद्या वर्दळीच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी, कडा बांधलेली पट्टी करायची म्हटलं की बैठकीत तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. रस्ता आधीच अरुंद आहे. आमच्या गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे? आणि हल्ली सायकल चालवतं कोण? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ज्याचं दुकान त्या रस्त्यावर आहे, त्याच्या पोटाचा तो प्रश्न आहे. पण या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मोजून मिळतात. आधी मोजा, मग भांडा.

याचं फार चांगलं उदाहरण आहे न्यूयॉर्कमधलं. तिथल्या ब्रुकलिन भागात प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट नावाचा रस्ता आहे. एका हाताला मोठी बाग, दुसऱ्या हाताला राहती घरं. रस्ता एकेरी, रुंदी 49 फूट. दोन्ही कडांना 8-8 फुटांत गाड्या उभ्या आणि मधे 11 फुटांच्या तीन लेन. एवढी मोकळी जागा मिळाल्यावर गाड्या सुसाट जाणारच. तिथे मर्यादा होती ताशी 30 मैलांची आणि चारांतल्या जवळजवळ तीन गाड्या ती ओलांडत. सायकलवाले जीव मुठीत धरून फूटपाथवर चढत. शंभरातले 46 फूटपाथवर! म्हणजे चालणाऱ्यांनाही त्रास.

जून 2010 मध्ये शहराने तीनांतली एक लेन काढली. आता ही रचना डोळ्यांसमोर आणा. बागेच्या कडेला 8 फुटांची सायकलपट्टी, जाण्या-येण्याची दोन्ही. मग 3 फूट मोकळी जागा. मग उभ्या गाड्यांची रांग, 8 फूट. मग चालत्या गाड्यांच्या 11-11 फुटांच्या दोन लेन आणि पलीकडे पुन्हा पार्किंगचे 8 फूट. बेरीज करा, 49च भरते. रस्ता एक इंचही रुंद केला नाही. पुन्हा सांगतो: बाग, सायकल, तीन फूट, उभी गाडी, चालती गाडी. उभी गाडीच सायकलची भिंत झाली. मधले तीन फूट कशाला? गाडीचं दार उघडलं तर ते सायकलस्वाराच्या अंगावर येऊ नये म्हणून.

आणि मग जे पेटलं! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विरोधक आणि समर्थक एकाच दिवशी, त्याच रस्त्यावर घोषणा देत उभे राहिले. शहराच्या एका माजी वाहतूक आयुक्तांनीही वर्तमानपत्राला विरोधाचं पत्र लिहिलं. मार्च 2011 मध्ये रहिवाशांच्या गटांनी कोर्टात दावा लावला. तो चालला किती? सप्टेंबर 2016 पर्यंत. साडेपाच वर्षांनी त्यांनी तो स्वतःच मागे घेतला.

दरम्यान शहराने एक काम चोख केलं होतं. पट्टी आखण्याआधीही मोजलं आणि नंतरही मोजलं. फूटपाथवरच्या सायकली शंभरात 46 होत्या, त्या 3 वर आल्या. वेगमर्यादा ओलांडणाऱ्या गाड्या चारांत तीन होत्या, त्या पाचांत एक झाल्या. कामाच्या दिवशी सायकलींची संख्या तिपटीच्या आसपास गेली. एक लेन गेली, पण वाहतूक काही तुंबली नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र अगदी बरोबर होता, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. रस्ता एकेरी, पण सायकली दोन्हीकडून. वर्षानुवर्षं एकाच बाजूला बघून रस्ता ओलांडणारे आजी-आजोबा दुसऱ्या बाजूने येणारी सायकल बघणार कसे? म्हणून पुढे ओलांडण्याच्या जागी थांबायला काँक्रीटचे उंच ओटे केले आणि सायकलींचा वेग कमी व्हावा म्हणून त्याआधी खडबडीत पट्टे टाकले. विरोधातून रस्ता सुधारला.

आता आपल्याकडे. पुण्यात 2006 पासून बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी लेन असलेल्या, रस्त्यांबरोबर सायकल ट्रॅक आले, 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. पण ब्रुकलिनची नक्कल इथे चालणार नाही. तिथली भिंत चारचाकींची. आपल्याकडे उभ्या असतात दुचाकी, आडव्यातिडव्या, हँडल पट्टीत घुसलेलं. म्हणून इथे कडाच बांधायला हवी, साधारण 15 सेंटिमीटर उंच. एकेरी पट्टी निदान 2 मीटर रुंद हवी. हँडलच 60-65 सेंटिमीटरचं असतं. 2 मीटरहून अरुंद पट्टीत मागच्याला पुढे काढता येत नाही आणि तो रस्त्यावर उतरतो.

कडा बांधताना हमखास होणारी चूक ऐका. कडा सलग बांधतात, त्यामुळे पावसाचं पाणी चेंबरपर्यंत पोचत नाही. पट्टीचा ओढा होतो, सायकलवाला रस्त्यावर येतो आणि लोक म्हणतात, बघा, पट्टी कुणी वापरत नाही! कडेत ठरावीक अंतराने पाण्याला वाट ठेवायला हवी. चेंबरच्या जाळीच्या पट्ट्या सायकलच्या दिशेला आडव्या हव्यात; उभ्या असल्या तर चाक अडकतं.

सोसायटीच्या गेटपाशी पट्टी खाली-वर करू नका. पट्टी सपाट राहू दे, गाडीने चढ चढावा. बसथांब्यापाशी पट्टी थांब्याच्या मागून न्या, नाहीतर बसची वाट बघणारे पट्टीतच उभे राहतात. बोलार्डमध्ये, म्हणजे गाड्या अडवायला रोवलेल्या बुटक्या खांबांमध्ये, मोकळं अंतर 1.2 मीटर ठेवलं तर रिक्षा आत येत नाही. दुचाकी मात्र येतेच, तिला बोलार्ड अडवू शकत नाही, तिथे चौकात पोलीसच हवा. आणि पेव्हर ब्लॉक नकोत, साधं डांबर घाला. ब्लॉक खचतात, मनगटं दुखतात.

जाता जाता, हल्ली नव्या सायकलींना मडगार्ड आणि चेनकव्हर का नसतं? पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रेघ, पायजम्याला तेल. ऑफिसला जाणाऱ्याने, शिकवायला जाणाऱ्या बाईंनी अशी सायकल घ्यावी तरी कशी? दुकानात मागून घ्या, बसवून देतात.

तर, मोजायचं कसं? मंगळवार किंवा बुधवार धरा, सुट्टीचा आठवडा टाळा. सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8. सायकली मोजताना फूटपाथवरच्या आणि उलट दिशेने येणाऱ्याही मोजा. सायकलवाले कुठे घाबरतात ते कळतं. पार्किंगसाठी दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांच्या नंबरांचे शेवटचे चार आकडे लिहा. तोच आकडा सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिसला तर ती गाडी गिऱ्हाइकाची नाही. मग दुकानदारांबरोबर बसून ठरवता येतं की माल उतरवायला टेम्पोला कुठे आणि किती वाजता जागा द्यायची. ही वही घेऊन हरकती-सूचनांच्या मुदतीत वॉर्ड ऑफिसात जा, आणि तिची एक प्रत पट्टीला विरोध करणाऱ्यांनाही द्या.

नमस्कार.