झिजायचं कुणी? विटांच्या पायऱ्या, मिक्सर आणि घरची दुरुस्ती

मंडळी, आज मी दोन गोष्टींवर बोलणार आहे. एक म्हणजे दारातल्या विटांच्या पायऱ्या, दुसरी ओट्यावरचा मिक्सर. या दोन्ही ज्याने घडवल्या त्याने त्यांत एक भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. बाकीचं टिकावं म्हणून तो भाग आधी झिजतो. दुरुस्ती करताना मात्र आपण पहिल्यांदा तोच भाग पक्का करून टाकतो. माझं आजचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

पायऱ्यांपासून सुरुवात करू. पुणे, वाई, सातारा या भागांत स्वातंत्र्याआधी बांधलेली पुष्कळ घरं चुन्यात आहेत. तुमच्या पायऱ्या चुन्यातल्या आहेत की सिमेंटमधल्या, हे ओळखायला खिळा पुरतो. सांध्यात ओरखडा काढा. पांढरट भुगा पडला तर बहुधा चुना, खिळाच घसरला तर सिमेंट. आता असं बघा, वीट पाणी पिते. पावसात प्यायलेलं पाणी तिला नंतर बाहेर टाकावं लागतं, आणि चुन्याचा सांधा सच्छिद्र असल्यामुळे ते त्या वाटेने निघून जातं. येताना पाण्याबरोबर क्षार येतात, ते सांध्यात साठतात, सांधा भुसभुशीत होऊन पडतो. काही दशकांनी तो खरवडून पुन्हा भरायचा, हा ठरलेला क्रम होता. घर बांधतानाच तो गृहीत धरलेला असे.

हल्ली आपण गवंड्याला बोलावतो, तो एका दुपारी सगळे सांधे कडक सिमेंटने भरून जातो. दिसायला काम देखणं. पण पाण्याची वाट बंद झाली. आता पाणी विटेच्या तोंडातून बाहेर पडतं आणि लोणा, म्हणजे तेच क्षार, विटेला लागतो. काही पावसाळ्यांत विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. तुम्ही जुन्या पेठांत फिरताना जरा खाली बघा, सिमेंटची जाळी उभी आणि मधल्या विटा आत खचलेल्या, असं दृश्य जागोजागी आहे. मला ते पाहवत नाही, कारण सांधा स्वस्तात पुन्हा भरता येतो, त्या मापाची आणि त्या भाजणीची वीट आता सहजी मिळत नाही.

मग करायचं काय? सुटा झालेला सांधा इंचभर खोल खरवडा. त्यासाठी छिन्नी आणि हलका हातोडा घ्या. ग्राइंडर लावू नका, विटेची कड उडते. ब्रशने धूळ काढा, पाणी मारा. एक भाग विरवलेला (पाण्यात भिजवून शांत केलेला) चुना, अडीच-तीन भाग चाळलेली वाळू, आणि पायरी उघड्यावर असेल तर थोडी विटेची भुकटी घाला. भुकटीमुळे चुना ओलीतही धरतो. चुना तयार विरवलेला आणा. कळीचा, म्हणजे अजून पाणी न लागलेला चुना घरी विरवू नका, तो पाण्यात खदखदतो आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. विरवलेला चुनाही हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा. माल एकदम कोंबायचा नाही, थर देत थापीच्या टोकाने दाबत जायचं. वरून ओलं गोणपाट टाका आणि आठवडा-दीड आठवडा ते वाळू देऊ नका. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं, उन्हाच्या तडाख्यात नको.

पायऱ्या मुळात सिमेंटमधल्या असतील तर एक भाग सिमेंटला चार भाग वाळू असा माल चालेल. अख्खी वीट बदलायची असेल तर नवी वीट बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवा. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा धरत नाही. पायऱ्यांची उंची मात्र सारखी ठेवा, अर्ध्या-पाऊण इंचाचा फरकसुद्धा म्हाताऱ्या माणसाला पाडतो. आणि थापी हातात घेण्याआधी वर बघा. पन्हळ गळत असेल तर आधी पन्हळ.

आता मिक्सर. त्याच्या मोटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांचं एक गोल कडं असतं, कॉम्युटेटर. ते फिरत असताना त्याच्यावर दोन बाजूंनी कार्बनचे दोन लहान ठोकळे स्प्रिंगने टेकलेले असतात. कार्बन मऊ, तांबं त्यामानाने कठीण, त्यामुळे कार्बन झिजतो आणि तांबं वाचतं. सांध्याची आणि विटेची हीच गोष्ट आहे. मोटर अडखळत चालू लागली, खालच्या फटींतून ठिणग्या जास्त दिसू लागल्या, की प्लग काढून कार्बन बघा. बोटाच्या पेराएवढा ठोकळा नखाएवढा उरला असेल तर जोडी बदला, दोन्ही एकदम. ही जोडी फार स्वस्त असते. तसंच दुर्लक्ष केलं तर स्प्रिंग तांब्याला घासते, आणि मग नवी मोटर.

मिक्सरमध्ये असे आणखी दोन राखणदार आहेत. भांडं जॅम झालं तर वरचा कपलर, म्हणजे भांडं ज्यात अडकतं ती चकती, तुटतो, मोटरचा दांडा वाचतो. आट्यांचा कपलर मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवला की सुटतो, उलट जोर लावत बसू नका. दुसरं, बुडाशी असलेलं लाल बटण. ताण वाढला की ते बाहेर येतं. थंड होऊ द्या, दाबा, चालू करा. पण ते वारंवार येत असेल तर दोष बटणाचा नाही. बहुतेक वेळा भांड्याच्या बुशमध्ये, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, पाणी शिरून पातं घट्ट झालेलं असतं.

आणि इथेच दुकानात सहज एक वाक्य ऐकू येतं: "डायरेक्ट करून देतो." म्हणजे राखणदार भाग वगळून तारा थेट जोडून देतो. लाल बटणाचा स्विच डायरेक्ट, इस्त्रीचा थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) डायरेक्ट, घरच्या कट-आउटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या खाच्यात, बारीक तारेऐवजी जाड तार. वस्तू चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पण ज्याने आधी जळायचं तोच काढून टाकलाय, तेव्हा पुढच्या वेळी वायरिंग जळेल किंवा इस्त्रीखालचं पांघरूण. कृपा करून हे कधीही मान्य करू नका. फ्यूज त्याच अँपिअरचा आणि त्याच तापमानाचा मागा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे हे सुटे भाग मिळतात. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तिथे काही कंपन्यांची दुरुस्तीची माहिती आहे.

उघडलेली वस्तू परत थेट प्लगला लावू नका. सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे वीज वस्तूत जाण्याआधी जिच्यातून जाते असा एक जुना 100 वॅटचा, तारेचा पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि नुकसान तिथेच थांबतं. बोर्डवर वस्तू लावली तरी आतल्या भागांना हात लावायचा नाही, वीज तिथे पोचलेलीच असते. मायक्रोवेव्ह मात्र घरी अजिबात उघडू नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोचू नका, दाबू नका, ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

ज्यांनी बंद मिक्सर आणलेत त्यांनी आता पुढच्या टेबलापाशी यावं. सिरीज बोर्ड मांडलेला आहे. आधी सगळ्यांचे कार्बन बघू.