‘रोखे घ्या, नाहीतर हे पाहाल’

पडद्यावर दिसणारे हे जळते शहर न्यूयॉर्क आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे शिर धडावेगळे झाले आहे, मशाल कोसळली आहे, मागच्या इमारतींतून आगीचे लोट उठत आहेत आणि तांबूस-पिवळ्या आकाशात शत्रूची विमाने घिरट्या घालीत आहेत. यातले काहीही घडलेले नव्हते. १९१८ साली अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेवर बाँब टाकू शकेल असे एकही विमान जर्मनीपाशी नव्हते. तरीही त्या वर्षीच्या शरद ऋतूत, पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी सरकारचे लिबर्टी रोखे (जनतेकडून घेतलेल्या कर्जाचे कागद) खपवणाऱ्या या पोस्टरच्या प्रती देशभरातील भिंतींवर झळकल्या.

हे चित्र जोसेफ पेनेल यांचे आहे. पूल, गिरण्या, पनामा कालव्याचे बांधकाम अशी विषयांची निवड असलेला हा चित्रकार शिळाछापात मुरलेला होता, आणि त्याची ती हातोटी येथे जवळून पाहण्यासारखी आहे. तेलकट खडूने ओढलेली रेघ शाई धरते आणि पाण्याने ओली ठेवलेली कोरी जागा शाई झिडकारते, एवढ्या एका तत्त्वावर शिळाछाप चालतो. मात्र रंगीत छपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा लागतो आणि तोच कागद पुन्हा पुन्हा यंत्राखालून जावा लागतो. जुळणी केसभर हुकली, तरी ज्वाळा इमारतीपासून सुटून बाजूला सरकलेल्या दिसतात. पुतळ्याच्या खांद्याजवळची ही कड पाहा : खडूचा खरखरीत कण जसाच्या तसा उतरला आहे, आणि धुराचा आभास केवळ त्या कणांच्या विरळपणातून साधला आहे. पेनेल यांनी चित्राला दिलेली मूळ ओळ ‘लिबर्टी रोखे घ्या, नाहीतर हे पाहाल’ अशी होती. छापताना तिच्या जागी लिंकन यांच्या गेटिसबर्गच्या भाषणाची आठवण करून देणारी, पृथ्वीवरून स्वातंत्र्य नष्ट होऊ नये, अशी भारदस्त ओळ आली. धमकी चित्रात होतीच. ती अक्षरांत ठेवण्याची गरज उरली नाही.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली आणि त्याच महिन्यात पहिल्या लिबर्टी कर्जाचा कायदा झाला. अर्थमंत्री विल्यम मॅकॅडू यांनी दोन अब्ज डॉलरच्या या कर्जावर साडेतीन टक्के व्याज ठेवले. रोखे करमुक्त होते हे खरे, परंतु भरभक्कम आयकर न भरणाऱ्या माणसाला त्या सवलतीचा उपयोग तो काय? बाजारात चांगल्या रोख्यांवर याहून अधिक व्याज मिळत असताना सामान्य नोकरदाराने आपली शिल्लक सरकारकडे का द्यावी, या प्रश्नाचे उत्तर व्याजाच्या दरात नव्हतेच. ते भिंतीवर चिकटवायचे होते. आमच्या मते या पोस्टरांकडे निव्वळ कला म्हणून पाहणे अपुरे आहे. सरकारने व्याजात जे वाचवले, त्याची भरपाई करण्याचे काम या चित्रांकडे होते. पुढच्या कर्जांत दर चार आणि सव्वाचार टक्क्यांपर्यंत चढला, तरी आवाहनाचा सूर बदलला नाही.

एल्सवर्थ यंग यांच्या या पोस्टरमध्ये जळत्या क्षितिजासमोर एका जर्मन सैनिकाची काळी आकृती एका मुलीला ओढून नेत आहे. खाली, जर्मनीने आक्रमण केलेल्या ‘बेल्जियमची आठवण ठेवा’ असे शब्द आहेत. फ्रेडरिक स्ट्रॉथमन यांचा ‘हूण’ (जर्मनांना दिलेले हेटाळणीचे नाव) रक्ताळलेल्या बोटांनी अटलांटिकच्या पलीकडून डोकावतो. हे तिसरे पोस्टर अधिक सौम्य दिसते, पण त्यात विचारले आहे : ‘तुम्ही शंभर टक्के अमेरिकन आहात काय? सिद्ध करा.’ जर्मन आडनावाच्या कुटुंबाने हा प्रश्न कसा वाचला असेल, याची कल्पना प्रेक्षकांनीच करावी. रोखा घेणाऱ्याला कोटावर लावण्यासाठी बिल्ला मिळे, खिडकीसाठी कागद मिळे; त्यामुळे कोणी घेतला नाही, हेही गल्लीला आपोआप कळे.

भिंतींवरून सुटलेला माणूस चित्रपटगृहात सापडे. रीळ बदलायला लागणाऱ्या चार मिनिटांत ‘फोर मिनिट मेन’ म्हणवले जाणारे स्वयंसेवक वक्ते उभे राहत. अशा सुमारे ७५,००० वक्त्यांना जॉर्ज क्रील यांच्या सरकारी प्रचार समितीकडून विषय आणि मुद्दे पाठवले जात. आणि एप्रिल १९१८ मधले हे चित्रण वॉल स्ट्रीटचे आहे : माणसांनी खच्चून भरलेला रस्ता, सब-ट्रेझरीच्या (सरकारी उपखजिन्याच्या) इमारतीच्या पायऱ्या, आणि चित्रपट अभिनेते डग्लस फेअरबँक्स यांनी उचलून धरलेले चार्ली चॅप्लिन. चॅप्लिन स्वतः ब्रिटिश नागरिक होते आणि सैन्यात का गेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर टीकाही होत होती. त्याच वर्षी त्यांनी स्वखर्चाने काढलेल्या ‘द बाँड’ या लघुपटात ते जर्मन सम्राट कैसरला ज्या मोठ्या हातोड्याने लोळवतात, त्यावर ‘लिबर्टी बाँड्स’ असे लिहिलेले आहे.

फिलाडेल्फियाच्या ब्रॉड स्ट्रीटवरील हा चित्ररथ २८ सप्टेंबर १९१८ चा, चौथ्या कर्जाच्या मिरवणुकीतला आहे. इन्फ्लुएंझाची साथ शहरात शिरलेली असताना सुमारे दोन लाख लोक तेथे जमले आणि पुढील सहा आठवड्यांत शहराने १२,००० हून अधिक माणसे गमावली.

युद्धकाळातील चार आणि युद्धानंतरचे एक, अशा पाच कर्जांतून सुमारे साडेएकवीस अब्ज डॉलर उभे राहिले. १९२० साली मात्र शंभर डॉलरच्या रोख्याला बाजारात नव्वदही मिळेनात, आणि ज्यांना पैशांची निकड होती त्यांनी ते तोट्यात विकले. चौथ्या कर्जाच्या या रोख्यावर, बारीक वेलबुट्टीच्या चौकटीत, मुद्दल सोन्याच्या नाण्यांत फेडण्याचे वचन छापलेले दिसते. १९३३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, अशी वचने रद्द केली. एक रोखेधारक न्यायालयात गेला; १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला आपला शब्द मोडण्याचा अधिकार नव्हता असे म्हटले, पण त्याचे प्रत्यक्ष नुकसान झालेले नाही, असे ठरवून त्याला भरपाई नाकारली.