उघडा राहिलेला व्हॉल्व्ह

[दृश्य: आग्रा. ताजमहालाच्या पूर्व दरवाजाजवळची वस्ती.]

निवेदन: ड्रेनेज लाइनला उतार लागतो आणि उतार मिळवायचा तर खोल खणावं लागतं. या वस्तीत ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून इथल्या 240 घरांचा मैला व्हॅक्यूमने ओढून न्यायचं ठरलं. 2023 साली त्याची बातमी झाली. वंदे भारतच्या टॉयलेटमध्ये बटण दाबलं की फस्सकन आवाज येतो ना, तसंच काहीसं. फक्त बटण दाबायला इथे कुणी नाही.

[दृश्य: चेंबरचा उभा छेद, ॲनिमेशन.]

चार-पाच घरांचं सांडपाणी एका चेंबरमध्ये उतरतं. साधारण 40 लिटर साठलं, की एका उभ्या नळीत कोंडलेली हवा दाबली जाते आणि तेवढ्या दाबाच्या इशाऱ्यावर व्हॉल्व्ह उघडतो. त्याला वीज लागत नाही. आधी पाणी खेचलं जातं, पाठोपाठ हवा घुसते, काही सेकंदांत व्हॉल्व्ह बंद. पुढचा पाइप करवतीच्या दात्यांसारखा टाकलेला असतो: थोडा उतार, मग छोटीशी चढण, पुन्हा उतार. मैला टप्प्याटप्प्याने पुढे सरकत स्टेशनच्या टाकीत पोचतो. दुबईच्या पाम जुमेराहवर, समुद्रात भर घालून केलेल्या सपाट जमिनीवर, हीच पद्धत आहे.

[दृश्य: पंपिंग स्टेशन, रात्र. गेजचा काटा.]

स्टेशनवरचे पंप पाइपांतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 0.5 ते 0.7 बारने कमी ठेवतात. गेजचा काटा ही व्हॅक्यूमची ओढ दाखवतो: काटा खाली आला की पंप आपोआप सुरू, वर गेला की बंद. टाकी भरत आली की मैल्याचा पंप चालू होतो. ती फारच भरली तर व्हॅक्यूम पंप थांबवावा लागतो, नाहीतर पाणी थेट पंपात शिरेल. हे सगळं एक कंट्रोल पॅनल बघतं.

पण एखाद्या चेंबरमध्ये चिंधी अडकली, व्हॉल्व्ह पुरता मिटलाच नाही, तर? तिथून हवा आत येतच राहते. पंप थांबायचं नाव घेत नाहीत आणि काटा घसरत जातो. व्हॉल्व्ह उघडायला ताकद याच व्हॅक्यूमची, त्यामुळे आता बाकीचे व्हॉल्व्हही अडून बसतात. दोष एका झाकणाखाली आणि पाणी तुंबतं भलत्याच गल्लीत.

[दृश्य: टॉर्च घेतलेला माणूस, लोखंडी झाकण.]

पूर्वी तो व्हॉल्व्ह शोधायचा कसा? एकेका फाट्याचा गेट व्हॉल्व्ह बंद करायचा आणि स्टेशनवर फोन करून विचारायचं, "काटा चढला का?" चढला, तर चोर त्याच फाट्यावर. मग झाकणामागून झाकण, कान लावत. आत सूं असा आवाज येतोय का.

[दृश्य: चेंबरमधला डबा, मोबाइलवर नकाशा.]

आता चेंबरमध्ये बॅटरीवर चालणारा एक छोटा डबा बसवता येतो. व्हॉल्व्ह कधी उघडला, किती वेळ उघडा राहिला, पाणी किती चढलं, हे तो रेडिओवरून कळवतो. या आकड्यांतून मोहल्ल्याची लफडी बाहेर पडतात. एरवी दिवसाला तीसदा उघडणारा व्हॉल्व्ह पावसात शंभरदा उघडला, तर समजावं, कुणीतरी गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलंय. आणि ज्याची नोंदच येत नाही, त्याच्याबद्दल जास्त काळजी वाटते: घर बंद आहे, की डबाच मेलाय? दमट, सडक्या वायूत इलेक्ट्रॉनिक्स टिकवणं सोपं नाही, त्यात वरून लोखंडी झाकण सिग्नल अडवतं.

काही ठिकाणी फाट्यांचे व्हॉल्व्हही स्टेशनवरूनच बंद करता येतात. म्हणजे बिघाड एका गल्लीपुरता अडवून ठेवता येतो. चिंधी मात्र स्क्रीनवरून निघत नाही.

[दृश्य: मोबाइल वाजतो. तोच माणूस गाडी काढतो.]

आज तो एकाच झाकणापाशी थांबतो. झाकण उघडतो, हातमोजे चढवतो, व्हॉल्व्ह सोडवतो. आतून निघतो फरशी पुसायच्या फडक्याचा बोळा.

[दृश्य: स्टेशन. काटा हळूहळू वर. पंप बंद होतो. शांतता.]