सुई कोणाच्या हाती?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर घेणारे हमाल आणि तासगावच्या द्राक्षबागेत दिवसभर हात वर धरून घडांची विरळणी करणाऱ्या बायका, यांच्यातील अनेकांच्या दुखण्याला शस्त्रक्रिया लागत नाही. पण वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या, तर जठर आणि मूत्रपिंड यांना त्याची किंमत मोजावी लागते. अशा रुग्णांसाठी ॲक्युपंक्चरचा, म्हणजे शरीरावरील ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याच्या उपचाराचा विचार होतो, आणि मग प्रश्न येतो तो सुई धरणाऱ्या हाताचा.

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, म्हणून आपल्याकडे हा उपचार सर्रास त्यांच्या नावाशी जोडला जातो. वस्तुतः कोटणीस शल्यचिकित्सक होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचे निधन झाले. ही विद्या पुढे चीनला पुन्हा जाऊन शिकून आणली ती त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. बसूंच्या पश्चिम बंगालने १९९६ मध्ये यासाठी कायदा केला, महाराष्ट्राचा अधिनियम २०१५ चा आहे. त्यामुळे व्यवसायाला नोंदणीचा आधार मिळाला. रुग्णालयाच्या पदरचनेत जागा मिळणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेचे वागणे येथे बोलके आहे. २०१६ मध्ये तिने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले, कारण खऱ्या सुईच्या आणि तुलनेसाठी लावलेल्या लुटुपुटीच्या सुईच्या परिणामांत पुरेसा फरक दिसत नव्हता; २०२१ मध्ये दुसऱ्या कोणत्याही आजाराने नीट उलगडा न होणाऱ्या जुनाट वेदनेसाठी मात्र तिने त्याचा विचार करण्यास मान्यता दिली. तीही अटी घालून: उपचार रुग्णालयाबाहेर, समाजात व्हावा, देणारा ठरावीक वेतनश्रेणीच्या वरचा नसावा, आणि त्याचा एकूण वेळ पाच तासांहून अधिक जाऊ नये. म्हणजे पुराव्याइतकाच मनुष्यबळाच्या खर्चाचाही हिशेब झाला.

मिरज-सांगलीत दवाखान्यांची वाण नाही. तेथील एखाद्या वेदना उपचार कक्षात फिजिओथेरपिस्टच्या शेजारी नोंदणीकृत ॲक्युपंक्चर चिकित्सक बसवता येईल. मात्र एकदाच वापरायची निर्जंतुक सुई, छातीवर खोल टोचल्यास फुफ्फुसाला छिद्र पडण्याचा धोका, आणि पाय लुळा पडत असलेल्या किंवा लघवीवरचा ताबा सुटलेल्या रुग्णाला सुई न लावता तातडीने डॉक्टरांकडे पाठवणे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असायला हवे. आणि हा कक्ष संध्याकाळीही उघडा हवा, कारण दहा बैठकांसाठी दहा दिवसांचा रोज बुडवणे कोणत्याही हमालाला परवडणारे नाही.