देखणेपणाचं कलम : न्यूयॉर्कच्या सबवेतून फिरताना

नमस्कार.

सुरुवात एका कंत्राटापासून करतो. १९०० साली न्यूयॉर्क शहराने आपल्या पहिल्या भुयारी रेल्वेचं काम दिलं. कंत्राटदार जॉन मॅकडोनाल्ड, पैसा उभा करणारे ऑगस्ट बेलमॉन्ट आणि मुख्य अभियंता विल्यम बार्कले पार्सन्स. कंत्राटात जे असायचं ते सगळं त्यात होतंच : खोदाई, लोखंड, मुदती, पैशांचे हप्ते. पण एक कलम वेगळं होतं. त्याचा आशय असा, की ही रेल्वे म्हणजे एक मोठं सार्वजनिक काम आहे. म्हणून तिचा जो जो भाग लोकांच्या नजरेस पडेल, तो आखताना, बांधताना आणि पुढे राखताना कार्यक्षमतेइतकाच देखणेपणाचाही विचार व्हायला हवा.

देखणेपणा थेट कंत्राटात! जमिनीखाली, जिथे माणूस चार-पाच मिनिटं थांबणार आणि निघून जाणार, तिथे. मी या शहरात बरीच वर्षं सबवेने फिरलो आहे, आणि जितका फिरलो तितकं मला हे कलम महत्त्वाचं वाटत गेलं. कारण ते पाळलं गेलं. ते कुठे, कसं पाळलं गेलं आणि कुठे अपुरं राहिलं, ते आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

२७ ऑक्टोबर १९०४ला पहिला मार्ग सुरू झाला. सिटी हॉलपासून १४५व्या रस्त्यापर्यंत २८ स्थानकं, भाडं पाच सेंट. उद्घाटनाला महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांच्या हाती गाडीचा दांडा दिला. त्यांनी गाडी नुसती हलवून दांडा परत करायचा, असं ठरलं होतं. पण ते सोडेनात. १०३व्या रस्त्यापर्यंत त्यांनीच गाडी हाकली. त्या संध्याकाळी दारं सर्वांसाठी उघडली आणि लाखाहून अधिक माणसं प्रवास करून आली. भाडं पाच सेंटच राहिलं, थेट १९४८पर्यंत.

ती गाडी जिथून सुटली ते सिटी हॉल स्थानक हे त्या कलमाचं सर्वांत सुंदर रूप. वास्तुविशारद हाइन्स आणि लाफार्ज. छत राफाएल गुआस्ताविनो यांच्या पद्धतीचं : पातळ फरशा एकमेकींवर थर देऊन बसवायच्या आणि त्यांचीच कमान उभी करायची. वर पितळी झुंबरं, दिवसाचा उजेड आत घेणारे काचेचे झरोके, आणि फलाट पूर्ण वळणावर. हे वळणच पुढे स्थानकाच्या मुळावर आलं. नव्या गाड्या लांब होत्या, त्यांच्या डब्यांना मधेही दारं होती. वळणामुळे दार आणि फलाट यांच्यात मोठी फट पडू लागली. जवळच ब्रुकलिन ब्रिजचं मोठं स्थानक होतं, इथे प्रवासी थोडे. १९४५च्या अखेरीस सिटी हॉल बंद झालं.

मात्र ते आजही पाहता येतं. ६ क्रमांकाची गाडी ब्रुकलिन ब्रिज स्थानकात रिकामी होते आणि उलट दिशेला लागण्यासाठी याच वळणावरून फिरून येते. गाडीत बसून राहायचं. उजवीकडच्या काचेला हात लावून आतला उजेड अडवायचा, म्हणजे बाहेरच्या अंधारात त्या कमानी दिसतात. गाडी इथे अगदी हळू जाते आणि रुळांवर चाकं कर्कश किंचाळतात. ज्यांना उतरून पाहायचं असेल त्यांच्यासाठी न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम आपल्या सभासदांना अधूनमधून तिथे नेतं. हे संग्रहालयही ब्रुकलिनमध्ये १९४६ साली बंद पडलेल्या कोर्ट स्ट्रीट या स्थानकातच भरलेलं आहे. तुम्ही खऱ्या जिन्याने खऱ्या फलाटावर उतरता आणि जुन्या गाड्यांच्या डब्यांमधून फिरता.

आता भिंतींकडे वळू. पहिल्या मार्गावरच्या स्थानकांत भाजलेल्या, चकचकीत मातीचे फलक आहेत आणि प्रत्येक ठिकाणी चित्र वेगळं. ॲस्टर प्लेसला बीव्हर, म्हणजे नदीकाठी राहणारा, झाडं कुरतडणारा केसाळ प्राणी, बुंधा कुरतडताना दिसतो, कारण जॉन जेकब ॲस्टर यांची संपत्ती बीव्हरच्या कातड्यांच्या व्यापारातून उभी राहिली. कोलंबस सर्कलला कोलंबसाचं गलबत. फुल्टन स्ट्रीटला रॉबर्ट फुल्टनची आगबोट. गर्दीच्या वेळी हे फलक माणसांच्या डोक्यांआड जातात. दुपारी दोन-अडीचला जा. फलाटाच्या मधोमध न थांबता टोकापर्यंत चालत जा, कारण टोकाच्या भिंतींकडे कोणी फिरकत नाही आणि जुनं काम तिथे जास्त शाबूत राहिलेलं असतं.

हाइन्स आणि लाफार्ज यांच्यानंतर स्क्वायर व्हिकर्स आले. हा माणूस मला फार प्रिय आहे. पेशाने वास्तुविशारद, मनाने चित्रकार; १९४२पर्यंत सबवेच्या स्थानकांचं रूप त्यांच्या हातात होतं. सुरुवातीची त्यांची मोझेक दाट आहेत, वेलबुट्टीच्या किनारींची. पुढे काळ बदलला, पैसा आटला, आणि १९३२पासून सुरू झालेल्या शहराच्या स्वतःच्या नव्या मार्गांवर त्यांनी नक्षी जवळजवळ सगळी काढून टाकली. उरली पांढरी टाइल आणि एक रंगीत पट्टा. पाहणाऱ्याला वाटतं, काटकसर केली. पण त्या पट्ट्यांत व्यवस्था आहे.

ती समजण्यासाठी आधी या सबवेचं एक मोठं वैशिष्ट्य सांगायला हवं. मुख्य मार्गांवर इथे चार रूळमार्ग शेजारी-शेजारी आहेत : बाहेरचे दोन लोकल गाड्यांचे, आतले दोन एक्स्प्रेसचे. १९०४पासूनच. एकाच फलाटाच्या एका बाजूला लोकल, दुसऱ्या बाजूला एक्स्प्रेस. उतरलं, चार पावलं चाललं, बदलली गाडी. रात्रभर गाड्या चालवणं शक्य होतं तेही बऱ्याच अंशी यामुळेच, कारण दोन मार्ग दुरुस्तीला घेतले तरी दोन उरतात. साथीच्या काळात, मे २०२० ते मे २०२१, रात्रीची काही तासांची बंदी होती. एरवी हे जाळं चोवीस तास जागं असतं.

तर व्हिकर्स यांची योजना अशी. एक्स्प्रेस स्थानक आलं की पट्ट्याचा रंग बदलायचा, आणि मॅनहॅटनपासून, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बेटापासून, दूर जाताना पुढच्या एक्स्प्रेस स्थानकापर्यंत मधल्या सगळ्या लोकल स्थानकांना तोच रंग ठेवायचा. क्रम इंद्रधनुष्याचा : जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, लाल. क्वीन्स बुलेव्हार्डच्या मार्गावर हे स्वच्छ दिसतं. क्वीन्स प्लाझाला जांभळा, पुढच्या लोकल स्थानकांना जांभळा. रूझवेल्ट ॲव्हेन्यूला निळा, पुढे निळाच. फॉरेस्ट हिल्सला हिरवा. क्यू गार्डन्सला पिवळा. पेपरातून डोकं वर काढलेल्या प्रवाशाला पाटी वाचायच्या आधीच अंदाज यावा, की आपण कुठवर आलो. रोज जाणाऱ्या कित्येकांना या योजनेचा पत्ता नसतो. मी ज्यांना ज्यांना ती सांगितली, त्यांच्या चेहऱ्यावर एकच आनंद पाहिला : आपल्या रोजच्या भिंतीला अर्थ होता!

गाडीविषयी थोडं बोलतो. आकड्यांच्या गाड्या आणि अक्षरांच्या गाड्या वेगळ्या दिसतात हे तुमच्या लक्षात येईल. आकड्यांचे डबे अरुंद आहेत. जाळं वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधलं, बोगद्यांची मापं जुळली नाहीत, आणि १९४० साली सगळं शहराच्या ताब्यात एकत्र आलं तरी बोगदे काही रुंद झाले नाहीत. २ किंवा ५ क्रमांकाची गाडी सुटताना कान द्या. तीन सूर ऐकू येतात. चाकांच्या रुळांशेजारी वीज पुरवणारा तिसरा रूळ असतो, त्यातून सुमारे ६२५ व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह येतो. डब्याखालची यंत्रणा तो मोटारींसाठी प्रत्यावर्ती (एसी) करते. त्या बदलातूनच ते सूर निघतात. कोणी ठरवून रचलेले नाहीत, तरी मला ते गाण्यासारखेच वाटतात.

आणखी एक दृश्य चुकवू नका. गाडी थांबली की मधल्या डब्यातला कंडक्टर खिडकीतून समोर बोट दाखवतो. फलाटाच्या मध्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते, तिच्याकडे. फळी बरोबर समोर आली म्हणजे सगळे डबे फलाटाला लागले. मगच दारं उघडायची. १९९६पासून हा नियम आहे आणि मूळ पद्धत जपानी रेल्वेतली : डोळ्याने पाहिलेलं हाताने दाखवलं की चूक कमी होते. दिवसभरात शेकडो वेळा हे बोट उचललं जातं, आपल्या सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी. त्या माणसाकडे पाहून एकदा मान तुकवावी, असं मला नेहमी वाटतं.

नाव भुयारी असलं, तरी या रेल्वेचा बराच मोठा भाग उघड्यावर आहे, पुलांवर, भरावांवर, उघड्या चरांत. ७ क्रमांकाची गाडी क्वीन्समध्ये रस्त्याच्या वरून, घरांच्या खिडक्यांशेजारून जाते. गोवानस कालव्यावरचं स्मिथ–नाइन्थ स्ट्रीट्स स्थानक जमिनीपासून सुमारे २७ मीटर उंच, तर मॅनहॅटनच्या उत्तरेचं १९१वा रस्ता हे सुमारे ५५ मीटर खोल. ए गाडी हॉवर्ड बीच सोडते ती जमैका बे या उपसागरावरून ब्रॉड चॅनलला पोहोचते. मधे साडेपाच किलोमीटर एकही स्थानक नाही, दोन्ही बाजूंना पाणी, पाणपक्षी, आणि दूर केनेडी विमानतळावर उतरणारी विमानं. २०१२च्या सँडी वादळाने हा मार्ग उखडून टाकला होता. मे २०१३च्या अखेरीस तो पुन्हा सुरू झाला.

नकाशाबद्दल दोनच वाक्यं बोलतो, कारण त्यावर वेगळं व्याख्यान होईल. १९७२ साली मासिमो व्हिन्येली यांचा सरळ रेषांचा, फार देखणा नकाशा आला, उद्यानं आणि अंतरं खरी दिसत नाहीत म्हणून लोकांनी तक्रारी केल्या, १९७९ला तो गेला. आणि २०२५मध्ये जो नवा नकाशा आला, त्याचं रूप पुन्हा व्हिन्येली यांच्याच वळणाचं आहे.

आता त्या कलमाच्या अपुरेपणाकडे येतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांत हे जाळं मोडकळीला आलं होतं. त्यातून सावरताना, १९८५ साली, स्थानकांत कायमस्वरूपी कलाकृती बसवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि आज शेकडो स्थानकांत मोझेक, काच, धातू यांतलं नवं काम आहे. म्हणजे देखणेपणाची बाजू पुन्हा उभी राहिली. पण हे सगळं पाहायला खाली पोहोचणार कोण? एकूण ४७२ स्थानकं, आणि त्यांतल्या बहुसंख्य स्थानकांना आजही लिफ्ट नाही. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला, बाबागाडी घेतलेल्या आईला, गुडघे गेलेल्या आजींना ती बंदच आहेत. २०२२ साली न्यायालयीन तडजोडीत कबूल झालं, की ९५ टक्के स्थानकं २०५५पर्यंत सर्वांना वापरता येतील. २०५५! 'लोकांच्या नजरेस पडेल' असं म्हणताना १९००च्या त्या लेखकांच्या मनात लोक म्हणजे जिना उतरू शकणारे लोक होते. ते कलम आज लिहायचं झालं, तर लिफ्ट त्यात पहिल्या ओळीत यायला हवी. हे मी अत्यंत गांभीर्याने म्हणतो आहे.

नेहमी विचारलं जातं, की एकच दिवस हातात असेल तर काय पाहावं. माझा मार्ग सांगतो. सकाळची गर्दी ओसरली की ६ क्रमांकाच्या गाडीने ब्रुकलिन ब्रिजला या, बसून राहा, सिटी हॉलचं वळण पाहा. तीच गाडी उत्तरेला निघते. ॲस्टर प्लेसला उतरून बीव्हर पाहा. पुढचंच स्थानक युनियन स्क्वेअर, तिथे ब्रुकलिनकडे जाणारी क्यू (Q) गाडी पकडा आणि उजवीकडची खिडकी धरा. मॅनहॅटन ब्रिजवर गाडी बोगद्यातून वर येते आणि समोर ब्रुकलिन ब्रिज, बंदर, दक्षिण मॅनहॅटनचे मनोरे. शेवटच्या स्थानकापर्यंत, कोनी आयलंडपर्यंत जा. तिथे चार मार्ग एका मोठ्या काचेच्या छताखाली संपतात, आणि ते छत सूर्यापासून वीज करतं.

येताना पुन्हा क्यूच घ्या, आणि पुन्हा उजवीच बाजू. डीकॅल्ब ॲव्हेन्यू सोडून गाडी पुलाकडे निघाली की खिडकीवरून नजर हलवू नका. तिथे मर्टल ॲव्हेन्यू नावाचं बंद स्थानक आहे आणि त्याच्या फलाटावर बिल ब्रँड यांनी १९८० साली एक लांब भिंत उभी केली, तिला अरुंद उभ्या फटी ठेवल्या आणि मागे हाताने रंगवलेली २२८ चित्रं लावली. गाडी धावते तशी फटींतून एकामागून एक चित्र दिसतं आणि आकार हलू लागतात, फिरतात, एकातून दुसरा निघतो. इथे चित्रपट जागेवर उभा असतो आणि प्रेक्षक धावत असतात. गाडी थांबली तर चित्र थांबतं. मात्र हे फक्त मॅनहॅटनकडे येतानाच दिसतं.

मग उतरू नका, ७२व्या रस्त्यापर्यंत जा. हा सेकंड ॲव्हेन्यूचा मार्ग : विचार १९२०च्या दशकातला, खोदाई १९७२ला सुरू, १९७५ला पैशाअभावी ठप्प, आणि तीन नवी स्थानकं उघडली १ जानेवारी २०१७ला. ७२व्या रस्त्याच्या स्थानकात व्हिक मुनीझ यांनी भिंतींवर पूर्ण उंचीची माणसं मोझेकमध्ये उभी केली आहेत. सगळी वाट पाहणारी. फुगे घेतलेला, हातात हात घातलेले दोघे पुरुष, आणि कागद उडून गेल्याने धावता-धावता घसरणारे खुद्द मुनीझ. त्यांच्यापाशी थांबून मग वरच्या जिन्याकडे वळा. ९६व्या रस्त्याची गाडी सोडावी लागली तरी चालेल, दुसरी येतेच.