रोलर येण्याआधीच वेग ठरतो

मंडळी, 8 नोव्हेंबर 2016 च्या पहाटे जपानमधल्या फुकुओका शहरात, हाकाता स्टेशनजवळचा भर वस्तीतला रस्ता खचला. खाली भुयारी रेल्वेच्या बोगद्याचं काम चाललं होतं आणि त्यात पाणी शिरलं होतं. कामगार वेळेवर बाहेर आले, पोलिसांनी वाहतूक अडवली, म्हणून जीव वाचले. खड्डा साधारण 30 मीटर लांब आणि 15 मीटर खोल होता. 15 तारखेला त्याच रस्त्यावरून गाड्या धावल्या.

ते फोटो तुम्हीही पाहिले असतील, आणि ‘आपल्याला हे जमायचं नाही’ हे वाक्यही ऐकलं असेल. मला ते अजिबात पटत नाही.

त्या खड्ड्यात पाणी भरलं होतं. ते उपसलं असतं, तर कडेची माती आणखी ढासळली असती आणि काठावरच्या इमारतींचा पाया उघडा पडला असता. म्हणून त्यांनी पाणी तसंच ठेवून सिमेंट कालवलेली पातळ माती आत सोडली. ती पाण्याखालीही घट्ट होते. मग वीज, गॅस, पाणी, सांडपाणी, टेलिफोन या सगळ्यांच्या तुटलेल्या वाहिन्या पुन्हा जोडल्या आणि वर डांबर पडलं. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे वाहिन्यांचं काम. एवढ्या खात्यांची माणसं एका खड्ड्यापाशी एकाच आठवड्यात काम उरकतात, ते खूप आधीपासून घडी बसलेली असते म्हणून.

आता आपल्याकडे या. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या गेल्या, माणसं गेली. ते आठवलं की आजही गलबलून येतं. तिथला नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. आपली माणसं, आपलीच यंत्रं.

आणि सावित्रीचा पूल ज्या मुंबई-गोवा महामार्गावर आहे, त्याच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात लागला आणि ते दशक उलटलं तरी रखडलेलंच होतं. तिथे डांबर ओतायला वेळ लागला नाही. वेळ गेला भूसंपादनात, कर्नाळा अभयारण्यापाशी वनखात्याच्या परवानगीत, ठेकेदाराच्या पैशांच्या अडचणीत. जमीन हाती येण्याआधी कार्यादेश निघाला की रस्ता तुकड्यातुकड्यांनी होतो, आणि मधल्या खडीवरून कोकणातला माणूस वर्षानुवर्षं गणपतीला जातो. हे मला अन्यायाचं वाटतं.

जपानमध्येही सगळं झपाट्याने होतं असं नाही. हाकाताची तीच भुयारी रेल्वे 2020 साली सुरू व्हायची होती. ती मार्च 2023 मध्ये सुरू झाली. रस्ता आठवड्यात भरणाऱ्या त्याच शहराने, खचलेल्या जमिनीतून पुन्हा बोगदा काढताना घाई केली नाही.